गावाचं ठरलंय, तुमचं ठरलंय का?

"सगळ्यांचं ठरलंय, तुझीच सही राहिलीय." कोकणातल्या घरांत हे वाक्य जास्त करून गणपतीत नाहीतर मे महिन्यात ऐकू येतं. सगळी माणसं एका छपराखाली असतात, परतीचं तिकीट काढलेलं असतं आणि वर्षभर कुणी हात न लावलेलं काम दोन दिवसांत उरकायचं असतं. वाडीच्या बैठकीत तेच वाक्य "वाडीने ठरवलंय" असं येतं. निवडणुकीच्या आदल्या आठवड्यात मुंबईतल्या गावकऱ्यांच्या मंडळाचा फोन येतो तेव्हा त्याचं "यंदा गाव एका बाजूला आहे" होतं.

अशा वेळी आपला निर्णय आपण कसा घ्यायचा, त्याची ही पद्धत. गावाच्या उलट जायचं असा तिचा हेतू नाही, पुष्कळदा गावाचंच बरोबर असतं. फक्त "हो" म्हणालात तर ते तुमचं असावं, एवढंच.

लागतं काय? शंभर पानी वही, पेन (पेन्सिल नको, कारण शेवटी येईल), आणि विषय जमिनीचा असेल तर सातबारा, आठ-अ (एका खातेदाराच्या सगळ्या जमिनींचा उतारा) आणि संबंधित फेरफाराची (हक्क बदलल्याच्या नोंदीची) प्रत. मोबाइलवर लिहिलं तर चालेल का? चालेल, पण मोबाइलवरचं आपण सहज पुसतो, आणि या कामात पुसणं हाच मोठा धोका आहे.

प्रश्न आधी कागदावर उतरवा

प्रश्न आपल्यापर्यंत येतो तेव्हा त्यात उत्तर आधीच घातलेलं असतं. "विकासाला विरोध करणार का?" हा प्रश्न नाही. "भावाच्या पोटावर पाय देणार का?" हाही नाही. पहिलं काम, अशा वाक्यातली विशेषणं आणि नाती काढून टाकून ते पुन्हा लिहायचं. कोण, काय, कधीपर्यंत आणि परत फिरता येतं का, एवढं त्यात यायला हवं. उदाहरणार्थ : "वडिलांच्या नावावरच्या ४० गुंठे कलमबागेतला माझा हिस्सा भावाच्या नावे सोडू का? दादा दसऱ्यापर्यंत उत्तर मागतोय. एकदा नोंदणी झाली की परत फिरता येत नाही."

शेवटचा भाग सगळ्यांत महत्त्वाचा. निर्णयाला किती वेळ द्यायचा ते त्यावरच ठरतं. मत चुकलं तर पाच वर्षांनी बदलता येतं. ग्रामसभेचा ठराव पुढच्या सभेत पुन्हा मांडता येतो. खरेदीखत, हक्कसोडपत्र आणि कुलमुखत्यारपत्र (आपल्या वतीने व्यवहार करायचा अधिकार दुसऱ्याला देणारा कागद) मात्र सही करायला दहा मिनिटं घेतात आणि निस्तरायला कोर्टात वर्षं. परत फिरता येत असेल तर एका संध्याकाळी ठरवा, उगाच घोळ घालू नका. परत फिरता येत नसेल तर निदान सात रात्री जाऊ द्या, आणि त्यातली एकही रात्र गणपतीच्या किंवा मे महिन्याच्या गर्दीतली नको. सण झाला, माणसं पांगली, की मग मोजायला घ्या.

तीन रकाने

पान आडवं धरून दोन उभ्या रेघा मारा. रकान्यांची नावं : "माहीत आहे", "वाटतं", "हवं आहे".

पहिल्या रकान्यातल्या प्रत्येक ओळीपुढे "कशावरून" लिहायचं. त्यात तीनच गोष्टी चालतात : स्वतः वाचलेला कागद, स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली वस्तू, किंवा चूक निघाली तर ज्याचं स्वतःचं नुकसान होईल अशा जाणकाराचं म्हणणं. "एजंट म्हणाला" ही ओळ दुसऱ्या रकान्यात जाते. "सगळे म्हणतात" हीसुद्धा.

समजा किनाऱ्याजवळची जमीन विकायची की ठेवायची हा विषय आहे. "सातबाऱ्यावर पाच नावं, त्यातली दोन माणसं वारलेली, वारस नोंद बाकी" हे उताऱ्यावर दिसतं, म्हणून पहिल्या रकान्यात. "बीच-टच प्लॉट आहे, इथे बंगले होणार, दोन वर्षांत भाव तिप्पट" हे दुसऱ्यात. ते पहिल्यात आणायचं तर सीआरझेडचा, म्हणजे किनाऱ्यावरच्या बांधकामाचे नियम लागू असलेल्या क्षेत्राचा, नकाशा बघावा लागतो. २०१९ च्या अधिसूचनेनुसार ग्रामीण किनाऱ्यावर, जिथे २०११ च्या जनगणनेप्रमाणे लोकवस्तीची घनता दर चौरस किलोमीटरला २,१६१ पेक्षा जास्त आहे तिथे भरतीरेषेपासून ५० मीटर, आणि त्याहून विरळ वस्तीत २०० मीटर हा ना-विकास पट्टा आहे. आपला सर्व्हे नंबर त्या पट्ट्यात किती जातो हे नकाशावर दिसेपर्यंत "बंगला होईल" आणि "बंगला होणार नाही" ही दोन्ही वाक्यं दुसऱ्याच रकान्यातली. ज्याला विकायची नाही तोही इथे फसतो. "सरकार कधीतरी ही जमीन घेईलच" असं तो वर्षानुवर्षं म्हणत असतो, आणि त्याच्याकडेही कागद नसतो.

तिसरा रकाना बहुतेक जण मोकळा ठेवतात किंवा त्यात शोभेचं काहीतरी लिहितात. "मला काही नको, पोरांचं भलं व्हावं." अशी ओळ आली की पेन खाली ठेवू नका. पोरांचं भलं म्हणजे नेमकं काय, कोणत्या पोराचं, आणि त्यात तुमचं काय? खऱ्या ओळी साधारण अशा निघतात :

"डोंबिवलीत वन बीएचके घ्यायचाय, तीस टक्के कमी पडतायत."
"धाकट्याने आईच्या आजारपणात पाठ फिरवली, त्याला एक दणका द्यायचाय."
"बाग बाबांच्या नावाने राहावी असं वाटतं, पण मी वर्षाला पाच दिवससुद्धा तिथे जात नाही."
"नाही म्हटलं तर वहिनी गणपतीला बोलावणार नाही याची भीती वाटते."

यात लाजण्यासारखं काही नाही. दणका द्यायची इच्छासुद्धा इच्छाच आहे. ती कागदावर आली की तिचं वजन करता येतं. ती लपली की पहिल्या रकान्यात घुसते आणि "जमिनीचा भाव पडणार आहे" असं बोलायला लागते.

ही वही कुणालाही दाखवायची नाही, बायकोला नाही, नवऱ्याला नाही. दाखवायची म्हटली की तिसरा रकाना परत शोभेचा होतो.

उलटून बघा

रकाने भरले की ही चाचणी करा, पाच मिनिटं लागतात. पहिल्या रकान्यातली सर्वांत जड ओळ घ्या आणि ती उलट आहे असं समजा. भाव पडणार नाही, वाढणार आहे. किंवा प्रकल्पाने पाणी दूषित होणार नाही, असं पक्कं कळलं. आता तुमचा निर्णय बदलतो का?

बदलत असेल तर तो निर्णय खरंच त्या माहितीवर उभा होता. मग ती माहिती आणखी एकदा तपासून घ्या, कारण सगळा भार तिच्यावर आहे. बदलत नसेल तर ती ओळ नुसती सजावट होती. निर्णय तिसऱ्या रकान्याने आधीच घेतला होता, पहिला रकाना त्याला मागून कारणं पुरवत होता. तसं असेल तर कारणं देणं थांबवा आणि सरळ लिहा : "मला विकायची आहे, कारण मला मुंबईत घर हवंय." या वाक्याशी भाऊ भांडू शकतो, पण निदान खऱ्या मुद्द्यावर भांडेल.

याच कामासाठी चार्ल्स डार्विनची एक सवय उचलण्यासारखी आहे. आपल्या मताविरुद्ध जाणारी गोष्ट दिसली की तो ती तिथल्या तिथे टिपून ठेवायचा, कारण सोयीच्या गोष्टींपेक्षा गैरसोयीच्या गोष्टी फार लवकर विसरतात, हे त्याच्या ध्यानात आलं होतं. वहीच्या मागच्या पानावर "विरुद्ध" असं लिहा आणि आठवडाभर जे जे उलट कानावर येईल ते त्याच दिवशी तिथे टाका. आठवड्याने ते पान कोरंच असेल तर तुम्ही ऐकत नव्हता असं समजा. इतका एकतर्फी विषय गावात सहसा नसतो.

एक धोका वेगळा सांगायला हवा : विसार, म्हणजे सौदा पक्का करायला दिलेली आगाऊ रक्कम. विसाराचे पैसे हातात पडले की डोकं विकण्याच्या बाजूचीच कारणं शोधायला लागतं. एजंटला हे चांगलं माहीत असतं, म्हणून तो पहिल्या भेटीतच "हे पंचवीस हजार ठेवा, बाकी बघू" म्हणतो. रकाने पुरे होईपर्यंत एक रुपयाही घ्यायचा नाही. चहा घ्या.

कौल लावायच्या आधी

पुष्कळ घरांत मोठा निर्णय देवळात कौल लावल्याशिवाय होत नाही. तांदळाचा असो, फुलाचा प्रसाद असो, उजवा-डावा बघितला जातो. श्रद्धा असेल तर जरूर जा. जाण्याआधी मात्र वहीत दोन ओळी लिहा : "मला उजवा हवाय की डावा?" आणि "उलटा आला तर मी मानेन का?" कौल हवा तसा आला नाही आणि मनात "प्रश्न नीट विचारला नाही, परत लावू" असं आलं, तर उत्तर तुमच्याकडे आधीच होतं. ते देवाच्या नावावर घालू नका, स्वतःच्या नावावर घ्या.

दुसरं, गाऱ्हाण्यात प्रश्न कोण मांडतंय आणि कसा, हे कान देऊन ऐका. "बाग विकावी का?" आणि "बाग विकून सर्वांचं भलं होईल का?" हे दोन वेगळे प्रश्न आहेत. तुमचा प्रश्न तुमच्याच शब्दांत घालायला गुरवांना नम्रपणे सांगता येतं. ते ऐकतात.

सही मागितली की कागदाचं नाव वाचा

घरातल्या निर्णयांत सर्वाधिक घोळ इथे होतो, म्हणून जरा सविस्तर.

वडील गेल्यावर "वारस नोंदीसाठी सही लागेल, बाई" असं सांगून बहिणींना बोलावतात. वारस नोंद हे तलाठ्याकडचं काम आहे (पदाचं नाव आता ग्राम महसूल अधिकारी). अर्ज, मृत्यूचा दाखला, वारसांची माहिती, मग फेरफार, असा तो मार्ग. त्यासाठी दुय्यम निबंधकाच्या (दस्त नोंदणीच्या) ऑफिसात जाऊन फोटो आणि अंगठा द्यावा लागत नाही. तुम्हाला तिकडे नेत असतील तर तो कागद वारस नोंदीचा नाही. बहुतेक करून हक्कसोडपत्र असतं, क्वचित बक्षीसपत्र किंवा कुलमुखत्यारपत्र. मथळा मोठ्याने वाचा, मग मिळकतीचं वर्णन वाचा, किती गट नंबर आहेत ते मोजा. "फक्त घरासाठी" म्हणून आणलेल्या कागदात मागे तीन बागा आणि एक वरकस जमीन असते, हे नेहमीचं आहे.

कायदा थोडक्यात : वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क हिंदू उत्तराधिकार कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीने मिळाला. ती लागू झाली त्या दिवशी, ९ सप्टेंबर २००५ ला, वडील हयात असायला हवे होते का, हा वाद सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० च्या निकालात संपवला. हक्क जन्माने आहे, वडील तेव्हा हयात असण्याची अट नाही. म्हणजे "तुझं लग्न आधी झालं, तुला लागू नाही" या बोलण्याला आधार नाही.

हक्क आहे म्हणून घेतलाच पाहिजे असं कुठे आहे? ज्या भावाने वीस वर्षं फवारणी, खत, आळी, राखण हे सगळं अंगावर घेतलं त्याला हिस्सा सोडावासा वाटणं यात काही चूक नाही. प्रश्न एवढाच की तो प्रेमाने सोडताय की माहेर तुटेल या भीतीने. भीती असेल तर तिचे तुकडे करा. नेमकं काय तुटेल? गौरीचं बोलावणं? आईला भेटणं? आंब्याची पेटी? त्यातलं काय आजही होत नाहीये? पुष्कळ जणींच्या यादीत निम्म्या गोष्टी आधीच बंद पडलेल्या असतात. मधले मार्गही आहेत : बागेतला हिस्सा सोडून घरातला ठेवणं, आई हयात असेपर्यंत काहीच न करणं, किंवा भावाने हिस्स्याची रक्कम हप्त्याने देणं आणि ते लिहून ठेवणं. "सगळं सोड नाहीतर संबंध तोड" असं कुणी म्हणत असेल तर बाकीचे मार्ग त्याने अजून कागदावर पाहिलेले नसतात.

भावानेही आपला तिसरा रकाना भरावा. "ताईला काही कमी नाही" ही ओळ तिथे चालत नाही, कारण त्यात ताईचं हवं-नको आहे, तुमचं नाही.

उत्तर पुढे ढकलायचं तर तारखेसकट ढकला. "बघते" म्हटलं की रोज फोन येतो. "दादा, वायच थांब. मी नाही म्हणत नाहीये, हो पण म्हणत नाहीये. कागदाची झेरॉक्स मला दे, वकिलांना दाखवते आणि पुढच्या महिन्याच्या १५ तारखेला मीच फोन करते." आणि १५ तारखेला खरोखर फोन करा. तारीख पाळली नाही की पुढच्या वेळी कुणी थांबत नाही.

बैठकीत एकटं पडल्यासारखं वाटतं तेव्हा

१९५१ मध्ये सॉलोमन अॅश या मानसशास्त्रज्ञाने अमेरिकेत एक प्रयोग केला. काही रेघा दाखवून कोणत्या दोन सारख्या लांबीच्या ते विचारायचं. उत्तर लहान पोरालाही दिसावं इतकं उघड होतं. पण खोलीतली बाकीची माणसं आधीच पढवलेली होती आणि ठरवून चुकीचं उत्तर देत होती. ज्यांच्यावर प्रयोग होता त्यांची साधारण ३७ टक्के उत्तरं त्या चुकीच्या गर्दीमागे गेली. खोलीतल्या एकाच माणसाने बरोबर उत्तर द्यायला सुरुवात केली तेव्हा हे प्रमाण ५ टक्क्यांच्या आसपास उतरलं.

वाडीच्या बैठकीला याचा उपयोग असा. बैठकीच्या आधी स्वतःचं मत दोन ओळींत वहीत लिहा, म्हणजे नंतर "माझंही तेच होतं" असं स्वतःला सांगता येणार नाही. मग असा एक माणूस शोधा ज्याला तुमच्यासारखीच शंका आहे. वीस नकोत, गट करायचा नाही, एकच पुरे. बैठकीत दोघांनी वेगवेगळ्या जागी बसा, शेजारी बसलात की "यांचं आधीच ठरलेलं" होतं. आणि जमलं तर सुरुवातीलाच सुचवा : मोठ्यांनी शेवटी बोलावं, आधी तरुण आणि बायका बोलू देत. मानकऱ्यांचं मत आधी आलं की पुढे चर्चा होत नाही, माना हलतात. बहुतेक मानकरी ही सूचना आनंदाने मान्य करतात, फक्त कुणी मांडत नाही.

सगळ्यांबरोबर जाण्याचा निर्णयसुद्धा असाच मोजून घ्यावा. १९३३ मध्ये अलिबाग तालुक्यातल्या चरी गावात शेतकऱ्यांनी खोतांच्या, म्हणजे जमीनदारांच्या, जमिनी कसायच्या नाहीत असं ठरवलं, नारायण नागू पाटील त्यांचे पुढारी होते. तो संप सहा वर्षं चालला. इतकी वर्षं नुसत्या कुणाच्या धाकाने माणसं भातशेती पडीक ठेवत नाहीत.

गावकी आणि ग्रामसभा

पालखी कुठून फिरवायची, शिमग्याची वर्गणी किती, देवळाचं रंगकाम कधी, हे गावकीचं. पंचायतीचा पैसा, जागा, ना-हरकत आणि प्रकल्पाबद्दलचं गावाचं अधिकृत मत, हे ग्रामसभेचं. गावकीत ठरलेलं ग्रामसभेत नुसतं वाचून दाखवलं जातं तेव्हा हा फरक पुसला जातो.

ग्रामसभेला जाताना एवढं माहीत असू द्या. नेहमीच्या सभेची नोटीस सात दिवस आधी लागते, तीत विषय लिहिलेले असतात. गणपूर्ती, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, यांत जो आकडा कमी तो. गणपूर्ती नसेल तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. वादाचा विषय असला की पहिल्या सभेला माणसं येत नाहीत आणि तहकूब सभेत पंधरा जणांत ठराव होतो, त्याचं कारण हे. दुसऱ्या तारखेलाच जायला हवं. ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची असते. ती कागदावरच झाली की खरंच झाली, हे बायकांनीच विचारायचं.

गोंधळ होतो तो सह्यांत. हजेरीची सही म्हणजे ठरावाला संमती नव्हे, पण कोऱ्या पानावर सह्या घेऊन ठराव नंतर लिहिला की तसं दिसतं. म्हणून सही करताना पानाच्या वर "हजेरी" लिहिलंय का ते बघा, नसेल तर नावापुढे स्वतः "हजर" लिहा. ठरावाच्या वेळी उभं राहून एवढंच म्हणा : "मजकूर वाचून दाखवा." विरोध असेल तर : "माझा विरोध नावासकट नोंदवा." भाषण नको, भाषणाने वाद वाढतो आणि नोंद राहून जाते.

नोंद झाली का ते बघायला माहिती अधिकार आहे. पंचायतीच्या जनमाहिती अधिकाऱ्याच्या, म्हणजे ग्रामसेवकाच्या (आता ग्रामपंचायत अधिकारी) नावे अर्ज, १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप, महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा. मजकूर : "दिनांक अमुक रोजी झालेल्या ग्रामसभेच्या इतिवृत्ताची व हजेरीपटाची साक्षांकित प्रत मिळावी." "का", "कुणाच्या सांगण्यावरून" असलं काही त्यात घालू नका, अर्जाने कागद मिळतो, खुलासा मिळत नाही. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील.

मोठ्या प्रकल्पाची पर्यावरण जनसुनावणी असेल तर तिची रीत निराळी. २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे निदान ३० दिवसांची नोटीस, प्रकल्पाच्या पर्यावरण परिणाम अहवालाचा मराठी गोषवारा आधी उपलब्ध, आणि तिला गणपूर्ती नसते. लेखी हरकत देता येते आणि ती तोंडी बोलण्याइतकीच धरली जाते. मंडपात घोषणा देऊन सुनावणी उधळली तर लोकांना वाटतं जिंकलो. कागदावर हरकतच राहत नाही. एक मुद्दा, अहवालातलं पान, एक प्रश्न, एवढ्यावर हरकत लिहा. बाजूने असाल तरी तसंच.

मत

उमेदवारांची नावं जाहीर व्हायच्या आधी वहीत तीन गोष्टी लिहा, ज्यांवर तुम्ही मत ठरवणार. नंतर लिहिलं की आवडत्या उमेदवाराला जमतील अशाच गोष्टी निघतात. विधानसभा-लोकसभेच्या उमेदवाराचं नमुना २६ मधलं शपथपत्र निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर असतं. वीस मिनिटांत वाचून होतं : प्रलंबित खटले, मालमत्ता, कर्जं, सरकारी थकबाकी, शिक्षण. मागच्या निवडणुकीचं शपथपत्रही उघडा आणि दोन्ही शेजारी ठेवा. पंचायतीसाठी ई-ग्रामस्वराज पोर्टलवर आपल्या पंचायतीचा आराखडा आणि खर्च बघा, मग पाखाडीवर (वाडीतल्या पायवाटेवर) जाऊन ते काम डोळ्यांनी बघा.

"कोणी कुणाला दिलं ते आम्हाला कळतं" ही धमकी अर्धी खरी आहे. मतमोजणीचे आकडे केंद्रनिहाय जाहीर होतात, त्यामुळे एका केंद्रावर एका पक्षाला किती मतं पडली हे कळतं. तुमचं मत कळत नाही. विधानसभा-लोकसभेला व्हीव्हीपॅटची (मत कुणाला गेलं ते दाखवणाऱ्या यंत्राची) चिठ्ठी सात सेकंद तुम्हाला दिसते आणि पेटीत पडते, हातात येत नाही. पाकीट देणं जसा गुन्हा तसंच घेणंही, भारतीय न्याय संहितेच्या कलम १७० मध्ये दोघेही येतात.

राहिला नारळ. देवळात नेऊन नारळावर हात ठेवून शपथ घ्यायला लावली की माणूस अडकतो, कारण मोडली तर मन खातं आणि पाळली तर मत आपलं राहत नाही. हात ठेवल्यावर काय करायचं याला चांगलं उत्तर नाही. हात ठेवायचाच नाही. "दादांनू, मत गुप्त असतं, त्यात देवाला घालू नका. मी कुणालाच शब्द देत नाही, तुमच्या विरोधातल्यांनासुद्धा." दुसरं वाक्य विसरू नका, पहिल्यापेक्षा तेच जास्त काम करतं. आणि कुणीच पटला नाही तर नोटा ("यांपैकी कोणीही नाही" हे बटण) आहे, २०१३ पासून. विधानसभा-लोकसभेत नोटाला सर्वांत जास्त मतं पडली तरी सर्वाधिक मतांचा उमेदवारच निवडून येतो, हे धरून बटण दाबा.

वाळीत टाकलं तर

मत, सही किंवा लग्न यावरून वाळीत टाकण्याचे प्रकार रायगड-रत्नागिरीत झालेले आहेत. त्यासाठी महाराष्ट्रात २०१६ चा सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायदा आहे : तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. तक्रार पोलिसांत किंवा थेट न्यायदंडाधिकाऱ्यांकडे करता येते. कुणी, कोणत्या तारखेला, कुणासमोर काय सांगितलं, कोणत्या दुकानदाराने माल नाकारला, पालखी दारात आली नाही ती कधी, हे त्याच दिवशी वहीत टिपा. दोन शेजारी बोलत नाहीत एवढ्यावर हा कायदा काढू नका. तो रुसवा असतो, आणि रुसवा काढायला नातेवाईक पुरतात.

वही परत उघडायची तारीख

निर्णय झाला की त्याच पानाखाली तीन ओळी लिहा : काय होईल असं वाटतं, कधीपर्यंत, आणि खात्री दहापैकी किती. "पाच वर्षांत पाण्याची टाकी होईल, खात्री दहात चार." पानाचा फोटो काढून स्वतःलाच व्हॉट्सअॅपवर पाठवा, तारीख पक्की होते. पेन्सिल नको म्हटलं ते याचसाठी. वर्षभराने माणूस "मला आधीपासून माहीत होतं" असं मनापासून म्हणतो, आणि पेन्सिलीने लिहिलेलं असेल तर चारचे आठ करतो.

पुढच्या शिमग्याला पान उघडा. अंदाज चुकला असेल तर चूक कोणत्या रकान्यातली ते बघा. माहिती तेव्हा मिळण्यासारखीच नव्हती, तर पुढे जा. माहिती मागच्या "विरुद्ध" पानावर होती आणि तुम्ही ती बाजूला सारली, तर तिथे लाल पेनाने खूण करा. दोन-तीन वर्षांत या लाल खुणा एकाच प्रकारच्या विषयापाशी जमलेल्या दिसतात : कुणाच्या भावाशी संबंधित असतात, कुणाच्या एका पक्षाशी. त्या विषयावर पुढची सही किंवा मत आलं की सात रात्रींच्या चौदा करा, आणि उलटून बघण्याची चाचणी तुम्ही न करता, तुमच्याशी न पटणाऱ्या एखाद्याला प्रश्न विचारायला सांगून करा.